६१७४ : रोहित-कोहली आणि सचिन-धोनी ७०८३ वरच का भेटले?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती), शनिवार रात्री ९.४०

मंडळी, एका बारा वर्षांच्या माणसाने मला तोंडघशी पाडलंय. मदत हवी आहे.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आलाय. काल ऐन साडेसातला लाइट गेली. इन्व्हर्टरने आधीच मान टाकली होती आणि साहेबांचा मोबाईल तीन टक्क्यांवर. चेहरा असा की जणू घरात सुतक. मग मी माझा हुकमी एक्का काढला. मेणबत्ती लावली, हातात खडू दिला, पडवीतल्या शहाबादी फरशीवर बसवलं आणि म्हटलं, कुठलेही चार अंक सांग. फक्त चारही सारखे नकोत.

तो म्हणाला, रोहितच्या जर्सीवरचा ४५ आणि कोहलीचा १८. म्हणजे ४५१८.

आता हे अंक मोठ्यापासून लहानाकडे लाव, मग लहानापासून मोठ्याकडे, आणि वजाबाकी कर. जे उत्तर येईल त्याचं पुन्हा तेच करायचं.

८५४१ − १४५८ = ७०८३
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

"आता पुढे कर." त्याने केलं. ७६४१ − १४६७ = ६१७४. पुन्हा केलं, पुन्हा तेच. "कुठूनही निघालास तरी इथंच येणार," मी ऐटीत सांगितलं. इथपर्यंत सगळं नेहमीसारखं. हा खेळ मी वीसेक वर्षं पोरांना दाखवतेय. आपल्या देवळालीच्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर मास्तरांनी १९४६ साली हे हेरलं, १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं, आणि जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत गाडी ६१७४ ला लागतेच, एवढं माझं पाठ आहे.

भाच्याला वाटलं मी फसवतेय. "तुला माहीतच होतं मी रोहित-कोहली घेणार." म्हणून त्याने माझ्या काळातले दोघे घेतले. सचिन १० आणि धोनी ०७. १००७.

७१०० − ००१७ = ७०८३

आणि खडू तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. "आत्या, हे ७०८३ मघाशीच आलं होतं ना?"

वीस वर्षांत हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. शेवटी ६१७४ येतं म्हणून सगळे टाळ्या वाजवतात, मधे काय येतं ते कोण बघतो! ४५१८ आणि १००७ यांचा एकमेकांशी काही संबंध दिसतो का? मग पहिल्याच वजाबाकीत एकच उत्तर कसं? "बघू उद्या" म्हणून मी वेळ मारून नेली. तो उद्या आता संपत आलाय.

---

गणितघाबरट, शनिवार रात्री १०.०५

ताई, तुमचा आकडा नापास. मी २१११ घेतला. २१११ − १११२ = ९९९. ९९९ − ९९९ = ०. दोन पायऱ्यांत भोपळा. दहावीनंतर पहिल्यांदा गणित केलं आणि तेव्हासारखाच निकाल लागला.

---

हातचाएक, शनिवार रात्री १०.१२

@गणितघाबरट, इथे सगळेच एकदा तरी आपटतात, वाईट वाटून घेऊ नका. खेळ चार घरांचा आहे. ९९९ आलं तरी पुढचं घर रिकामं नसतं, तिथे शून्य बसलेलं असतं. ०९९९ लिहा.

९९९० − ०९९९ = ८९९१
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

झाले की पास. पाच पायऱ्या.

पाटीपेन्सिल, भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, आणि माझ्या मते अख्ख्या ६१७४ मधली सगळ्यात मजेची गोष्ट तीच आहे. जेवून येतो आणि लिहितो.

---

खडूस_काका, शनिवार रात्री १०.३०

दर सहा महिन्यांनी कोणीतरी हा ६१७४ उकरून काढतं आणि सगळे "काय हो आपले मास्तर!" करतात. जरा कडू बोलतो. यात गणित काय आहे? माणसाला दहा बोटं, म्हणून आपण दहाच्या पटीत मोजतो, म्हणून ही गंमत दिसते. आठ बोटं असती तर ६१७४ ला कुत्रं विचारत नव्हतं. इंग्रज गणितज्ञ हार्डीने १९४० मध्येच असल्या अंकांच्या गमतींना गणितज्ञाच्या दृष्टीने काही मोल नाही असं लिहून ठेवलंय. त्याने उदाहरण दिलं होतं ८७१२ आणि ९८०१ चं. २१७८ ची चौपट केली की उलटी होऊन ८७१२ होते, १०८९ ची नऊपट उलटी होऊन ९८०१. वर्तमानपत्राच्या कोड्यांच्या सदरात शोभतं, त्यापलीकडे काही नाही.

मास्तरांबद्दल आदर आहे. पण आदर वेगळा आणि गणित वेगळं.

---

हातचाएक, शनिवार रात्री ११.२०

काकांकडे नंतर येतो. आधी ७०८३.

चार अंक उतरत्या क्रमाने लावले. त्यांना क, ख, ग, घ म्हणू. क सगळ्यात मोठा, घ सगळ्यात लहान. मोठी संख्या म्हणजे हजार क, शंभर ख, दहा ग आणि एक घ. लहान संख्येत हेच सगळं उलटं. वजाबाकी केली की क आणि घ मधल्या फरकाला ९९९ ने गुणलं जातं आणि ख आणि ग मधल्या फरकाला ९० ने. बास. बाकी काही उरत नाही.

बाहेरच्या दोघांतल्या फरकाला म म्हणा, आतल्या दोघांतल्या फरकाला न. उत्तर नेहमी ९९९ × म + ९० × न.

आता तुमचे खेळाडू बघा. रोहित-कोहली : ८, ५, ४, १. बाहेरचा फरक ७, आतला १. सचिन-धोनी : ७, १, ०, ०. बाहेरचा फरक ७, आतला १. वजाबाकीला अंक दिसतच नाहीत, तिला फक्त हे दोन फरक दिसतात. ९९९ × ७ = ६९९३, त्यात ९० मिळवा, ७०८३.

भाच्याला म्हणावं, तू चार अंक देतोस, पण यंत्र त्यातलं निम्मंच वाचतं.

आणि पुढचं बघा. म एक ते नऊपैकी काहीही असेल. न शून्यापासून सुरू होईल, पण म च्या पुढे जाणार नाही (आतल्या दोघांतला फरक बाहेरच्या दोघांपेक्षा मोठा कसा असेल?). म = १ असेल तर न चे दोन पर्याय, म = २ ला तीन, असं करत म = ९ ला दहा. २ + ३ + ४ + … + १० = ५४. चार अंकी संख्या, सगळे अंक सारखे असलेल्या नऊ सोडून, ८९९१ आहेत. पहिल्या वजाबाकीनंतर त्यांच्या फक्त ५४ उरतात. एवढी मोठी जत्रा, आणि बाहेर पडायला ५४ दरवाजे! दोन ओळखीचे एकाच दारात भेटले यात नवल नाही, न भेटते तर नवल.

त्या ५४ मध्येही पुष्कळ जणांचे अंक तेच, नुसती जागांची अदलाबदल. पुढच्या फेरीत अंक पुन्हा लावायचेच असतात, त्यामुळे ते एकच धरायचे. तसे धरले की उरतात ३०. म्हणजे ६१७४ चं सगळं गूढ तीस आकड्यांत मावतं. एका पानावर हाताने तपासून होतं.

---

पाटीपेन्सिल, शनिवार रात्री ११.३५

अहो, हे किती सोपं आहे! आणि मी वीस वर्षं नुसती जादूगारीण म्हणून मिरवत होते. साहेब झोपलेत, नाहीतर आत्ताच उठवून सांगितलं असतं.

---

देवळालीकर, रविवार सकाळी ७.५०

धाग्यात आमच्या गावाचं नाव आलं म्हणून लॉगिन केलं. लहानपण देवळाली कॅम्पात गेलं. इंग्रजांच्या काळात मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या सोल्जरांना इथे ताटकळत ठेवायचे, त्यात काहींचं डोकं फिरायचं, आणि त्यावरून इंग्रजीत डोकं फिरण्याला आमच्या गावाच्या नावाचा अपभ्रंश, 'डूलाली', रूढ झाला. ही गोष्ट आम्हाला शाळेत तीनतीनदा सांगितली. पण याच गावात १९३० ते १९६२ एका शाळामास्तराने संख्यांचा एवढा मोठा संसार मांडला होता, हे एकाही सरांनी सांगितलं नाही. शाळेचं नाव घेत नाही, आता सगळेच निवृत्त झालेत. मला हे नोकरीच्या गावी, एका तमिळ सहकाऱ्याकडून कळलं. त्या दिवशी लाज वाटली होती.

मास्तरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आई ते आठ वर्षांचे असताना गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद, आणि त्या पत्रिकांच्या आकडेमोडीतून पोराला आकड्यांची गोडी लागली. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्यात फर्ग्युसन. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये बी.एस्सी. आणि लगेच देवळालीत मास्तरकी. पुढची पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. बरंचसं लेखन छोट्या पुस्तिकांतून, पदरमोड करून छापलेलं. ६१७४ वरचा लेख १९५५ मध्ये परदेशी नियतकालिकात आला, तरी नाव सर्वतोमुखी झालं ते गणिती कोडी लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने मार्च १९७५ च्या आपल्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात त्यांच्यावर लिहिल्यावर. तोवर मास्तरांची सत्तरी उलटली होती.

आता माझी भर. हातचाएक यांचं ५४ दारांचं वाचून रात्री झोप लागेना. मास्तरांचं जन्मवर्ष घेतलं.

१९०५ : ९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

मोजा. सात. सगळ्यात लांबचा रस्ता! मग शोधाचं वर्ष १९४६ घेतलं : ९६४१ − १४६९ = ८१७२. मास्तर १९८६ मध्ये गेले, ते वर्ष घेतलं : ९८६१ − १६८९ = ८१७२.

जन्म, शोध आणि मृत्यू, तिन्ही वर्षं ८१७२ या एकाच स्टेशनात येतात आणि तिथून पुढे एकाच रुळावरून ६१७४ ला जातात. पहाटे दोन वाजता अंगावर काटा आला.

---

हातचाएक, रविवार सकाळी ८.३०

देवळालीकर, काटा असू द्या, पण कारणही घ्या. १९४६ मध्ये बाहेरचा फरक ९ − १ = ८, आतला ६ − ४ = २. १९८६ मध्ये बाहेरचा तोच ८, आतला ८ − ६ = २. गेल्या शतकातली वर्षं आहेत, १ आणि ९ दोघांत आहेतच. १९०५ मात्र ०, १, ५, ९ मुळे वेगळ्या दाराने निघून दुसऱ्या फेरीत तिथे पोचलं, ती खरी गंमत. सात पायऱ्यांचं जन्मवर्ष हा योगायोगच, पण झकास योगायोग. मला माहीत नव्हता.

---

शुभांक९, रविवार सकाळी ९.१५

६ + १ + ७ + ४ = १८ आणि १ + ८ = ९. नऊ हा मंगळाचा अंक, पूर्णत्वाचा. सर्व संख्या शेवटी पूर्णत्वाकडे जातात, हेच आपल्या ऋषींनी सांगितलं आहे. यात आश्चर्य ते काय!

---

हातचाएक, रविवार सकाळी ९.२५

@शुभांक९, कुठलेही अंक उलटसुलट लावून वजाबाकी केली की उत्तर नऊने भागलं जाणारच, कारण दोन्ही संख्यांत अंक तेच असतात. वर बघा, ९९९ पण नऊच्या पाढ्यात आणि ९० पण. रस्त्यातले ७०८३, ८३५२, ८१७२, सगळे 'पूर्णत्वाचे'च आहेत. मंगळाला सगळ्यांचंच करावं लागेल.

---

कोडग्या, रविवार सकाळी ११.०२

चहा पितापिता प्रोग्रॅम लिहिला आणि सगळ्या चार अंकी संख्या भरडून काढल्या. १००० ते ९९९९, सारख्या अंकांच्या नऊ वगळून ८९९१. एका पायरीत पोचणाऱ्या ३५६, दोनमध्ये ५१९, तीनमध्ये २१२४, चारमध्ये ११२४, पाचमध्ये १३७९, सहामध्ये १५०८ आणि सातमध्ये १९८०. राहिली एक, ती खुद्द ६१७४, तिला कुठेच जायचं नाही. बेरीज जुळते.

म्हणजे देवळालीकर, सात पायऱ्यांचे १९८० मानकरी आहेत, मास्तर त्यातले एक.

मग हाव सुटली. तीन अंकांत सगळे ४९५ ला पोचतात, जास्तीत जास्त सहा पायऱ्यांत. दोन अंकांत मात्र मुक्कामच नाही : ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९, नुसतं रिंगण. पाच अंकांतही मुक्काम नाही, तीन वेगवेगळी रिंगणं आहेत. त्यातलं सगळ्यात छोटं ५३९५५ आणि ५९९९४ यांचं, दोघे एकमेकांकडे चेंडू टाकत बसतात. सहा अंकांत दोन मुक्काम, ५४९९४५ आणि ६३१७६४, शिवाय सात जणांचं एक रिंगण. सात अंकांत पुन्हा नुसतं रिंगण. आठमध्ये ६३३१७६६४ आणि ९७५०८४२१ हे मुक्काम, रिंगणं वेगळीच.

सगळ्यांना एकाच उंबऱ्यावर आणून सोडण्याचं काम फक्त तीन आणि चार अंकांत जमतं. त्यातलं तीनचं जरा बाळबोध आहे, कारण तिथे मधला अंक वजाबाकीत उडूनच जातो, एकच फरक उरतो. म्हणून चारच भारी.

---

खडूस_काका, रविवार दुपारी १२.४०

कोडग्याने माझंच म्हणणं सिद्ध केलं. पाच अंकांत नाही, सहात दोन-दोन, सातात नाही. याला नियम म्हणतात का? हा लहरी कारभार आहे. शिवाय माझा मूळ मुद्दा तसाच आहे : दहाचा पाया काढून घ्या आणि काय उरतं ते दाखवा.

---

सातासमुद्रा, रविवार दुपारी ३.१०

इथे आत्ता कुठे उजाडतंय. काका, तुमच्यासाठी कॉफीच्या आधी लिहितोय.

एक. पाचच्या पायात, म्हणजे ० ते ४ एवढेच अंक वापरून हाच खेळ खेळा. तिथे मुक्काम आहे ३०३२. करून बघा, फक्त हातचा दहाचा नाही, पाचचा घ्यायचा : ३३२० − ०२३३ = ३०३२. तेव्हा एका हाताची बोटं असलेल्यांचेही कापरेकर झाले असते.

दोन. दहाचा पाया काढूनही उरणारी गोष्ट हवी होती ना? ६१७४ च्या अंकांची बेरीज १८. ६१७४ ला १८ ने भागा. येतात ३४३, बाकी शून्य. (अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच नाव दिलं, हर्षद, म्हणजे आनंद देणारी.) आता ३४३ म्हणजे सातचा घन, ७ × ७ × ७. आणि तोच ३४३ म्हणजे १ + १८ + ३२४, म्हणजे एक, अठरा आणि अठराचा वर्ग. म्हणून ६१७४ = १८ + १८ चा वर्ग + १८ चा घन. अठराच्या पायात लिहाल तर ही संख्या नुसती १११० दिसेल.

हे साधं वाटत असेल तर थांबा. एकापासून सुरू करून एकाहून मोठ्या कुठल्याही पूर्ण संख्येचे चढते घात मिळवत जा, निदान वर्गापर्यंत तरी. ती बेरीज स्वतःच पूर्ण वर्ग, घन किंवा वरचा घात कधी होते? माहीत असलेली उदाहरणं तीनच. १ + ३ + ९ + २७ + ८१ = १२१, म्हणजे ११ चा वर्ग. १ + ७ + ४९ + ३४३ = ४००, म्हणजे २० चा वर्ग. आणि १ + १८ + ३२४ = ३४३, म्हणजे ७ चा घन. नागेल आणि ल्यूंगग्रेन या दोन गणितज्ञांच्या नावाने हे समीकरण ओळखलं जातं. चौथं उदाहरण नसावं असा कयास आहे, पूर्ण सिद्धता अजून कोणाच्या हाती लागलेली नाही. तीनपैकी एक उदाहरण आपल्या ६१७४ च्या पोटात आहे. इथे बोटं आठ असोत की अठरा, काही फरक पडत नाही.

तीन, हे जरा खवचट आहे. हार्डीने हिणवलेली ती ९८०१ म्हणजे ९९ चा वर्ग. मधोमध तोडा, ९८ आणि ०१. बेरीज ९९. वर्ग तोडून मिळवला की मूळ संख्या परत मिळते, अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात.

---

रस्सामिसळ, रविवार दुपारी ४.००

काका क्लीन बोल्ड. पंचांनी बोट वर केलंय.

कापरेकर संख्यांवरून आठवलं, २०२५ हे वर्ष असंच होतं. २० + २५ = ४५, आणि ४५ चा वर्ग २०२५. तशीच ५५ : वर्ग ३०२५, ३० + २५ = ५५. व्हॉट्सॲपवर तेव्हा हे फिरून फिरून चोथा झालं, पण मास्तरांचं नाव एकाही फॉरवर्डमध्ये नव्हतं.

आणि डोंबिवलीकरांनो, कॉलर ताठ करा. त्यांच्या 'डेम्लो' संख्या आहेत, १२१, १२३२१ वगैरे त्याच कुळातल्या. डेम्लो हे तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरच्या स्टेशनाचं नाव, म्हणजे आजची डोंबिवली. कल्पना तिथे सुचली म्हणून नाव तेच ठेवलं. आज त्या फलाटावर उभं राहायला जागा मिळाली तरी लोक देवाचे आभार मानतात, संख्या कुठल्या सुचतायत!

---

खडूस_काका, रविवार दुपारी ४.४५

अठराचं मान्य. ते माहीत नव्हतं, आणि ते सुंदर आहे. पण सातासमुद्रा, तुमच्या त्या समीकरणाचा आणि वजाबाकीच्या खेळाचा एकमेकांशी काय संबंध? ६१७४ वर दोन्ही भेटले एवढंच. मुक्काम एकच का, याचं कारण मला हवंय. 'तीस आकडे तपासून पाहिले' हे कारण नव्हे, ती हमाली झाली.

---

हातचाएक, रविवार सायंकाळी ६.३०

रास्त मागणी. काका, कागद घ्या.

वजाबाकी हातचे घेऊन करा, पण अंकांऐवजी म आणि न ठेवून. उत्तराचे चार अंक असे येतात : म, मग न − १, मग ९ − न, मग १० − म. (न शून्य असेल तर वेगळं होतं, तिथे मधे दोन नऊ येऊन बसतात. ती वाट मुक्कामाला जात नाही, चटकन दिसेल.)

आता नीट बघा. पहिला आणि शेवटचा मिळून नेहमी १०. मधले दोन मिळून नेहमी ८. म्हणजे एक जोडी ५ च्या दोन बाजूंना सारख्या अंतरावर, दुसरी ४ च्या दोन बाजूंना. पहिल्या जोडीचं अंतर क्ष म्हणा, ते म आणि ५ मधल्या फरकाएवढं. दुसऱ्या जोडीचं य, ते न आणि ५ मधल्या फरकाएवढं. ६१७४ मध्ये ६ आणि ४ ही पाचची जोडी, १ आणि ७ ही चारची.

संख्या जागची हलू नये असं वाटत असेल तर या चार अंकांतल्या बाहेरच्या दोघांचा फरक परत म यायला हवा आणि आतल्यांचा परत न.

समजा बाहेरचे दोघे चारच्या जोडीचे. मग म = २य आणि न = २क्ष, दोन्ही सम. म = २ घेतला तर य = १, म्हणून न ४ किंवा ६, म च्या पुढे गेला, बाद. म = ४ घेतला तर य = २, न ३ किंवा ७, विषम, बाद. म = ८ घेतला तर य = ४, न १ किंवा ९, बाद. म = ६ घेतला तर य = ३, न २ किंवा ८. आठ मोठा पडला. राहिला २. क्ष म्हणजे ६ आणि ५ मधला फरक, १. त्याची दुप्पट २. जुळलं! ९९९ × ६ + ९० × २ = ६१७४.

समजा बाहेरचे दोघे पाचच्या जोडीचे. मग म ही स्वतःच्या आणि पाचमधल्या फरकाची दुप्पट. उत्तर येतं १० किंवा तीन पूर्णांक एक तृतीयांश. असले अंक नसतात. एक बाहेरचा या जोडीचा आणि एक त्या जोडीचा, अशा दोन शक्यता उरतात, त्याही अशाच फसतात. त्या तुमच्यासाठी ठेवतो.

---

कोडग्या, रविवार सायंकाळी ६.५०

पण यावरून एवढंच ठरलं की थांबायची जागा एकच आहे. रिंगण नाही, हे कुठे ठरलं? दोन अंकांसारखं चारमध्येही एखादं रिंगण लपलेलं असू शकलं असतं.

---

हातचाएक, रविवार सायंकाळी ७.०५

बरोबर पकडलंस. त्यासाठी मात्र ते तीस आकडे तपासावेच लागतात. तेवढी हमाली काकांनी माफ करावी.

---

खडूस_काका, रविवार रात्री ८.२०

तपासले. तीसच्या तीस, हाताने. बायको म्हणाली निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात. उरलेल्या दोन शक्यताही केल्या : एकीत म येतो ११ किंवा १३/३, दुसरीत न हा म पेक्षा दोनने मोठा होतो. फसतातच.

रिंगण नाही. पेन्सिल झिजली, बाकी तक्रार नाही.

---

देवळालीकर, रविवार रात्री ८.४०

काकांना आमच्याकडून गुलाबजाम. अवांतर : मास्तरांच्या दुसऱ्या एका लाडक्या संख्या म्हणजे स्वयंभू. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्मते. जिला अशी आईच नाही ती स्वयंभू : २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. यांना देवळाली संख्याही म्हणतात, म्हणजे आमच्या गावाला डूलालीपेक्षा बरं काहीतरी चिकटलं. ६१७४ मात्र स्वयंभू नाही. ६१५६ मध्ये ६ + १ + ५ + ६ = १८ मिळवा.

---

पाटीपेन्सिल, सोमवार सकाळी १०.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी भाच्याला दोन फरकांचं समजावलं. त्याने लगेच उलटा धंदा सुरू केला : माझ्याकडून चार अंक घ्यायचे आणि मांडणी न करता तोंडीच पहिलं उत्तर सांगायचं. शेजारच्या आजींना दोनदा चकित करून झालंय.

मग देवळालीकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तर त्याला मास्तरांच्या गावाचा पिनकोड हवा होता. सहा अंक आहेत, चालतात का, म्हणाला. ४२२४०१. म्हटलं लाव.

४४२२१० − ०१२२४४ = ४२९९६६
९९६६४२ − २४६६९९ = ७४९९४३
९९७४४३ − ३४४७९९ = ६५२६४४
६६५४४२ − २४४५६६ = ४२०८७६

कोडग्याने सांगितलेले दोन्ही मुक्काम मी कागदावर लिहून ठेवले होते, बघू कुठला येतो म्हणून. मी पोहे टाकायला आत गेले. परत आले तर पडवीतल्या चार फरशा भरलेल्या : ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४. आणि तो गुडघ्यांवर रांगत मागे मागे जाऊन पहिल्या फरशीवर काहीतरी शोधत होता.

"आत्या, पुसू नकोस. ४२०८७६ परत आलंय."